उरलेले शून्य

९ डिसेंबर २०२५, मंगळवार

आज दुपारी सोनपेठच्या बसस्थानकावर सुखरूप उतरलो. प्रवासभर यंत्राची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही, त्यामुळे पाय बधिर झाले होते. तरी मन प्रसन्न होते. अनुपमेचा धाकटा भाऊ शिवकांत मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने पेटी कानाशी नेऊन हलवली आणि विचारले, की दाजी, हे भूकंप मोजायचं यंत्र हाय का भूकंपच डब्यात घालून आणलात? यंत्र हलवू नये, असे मी त्याला समजावले. मंग भूकंप आल्यावर ह्ये काय करील, हलू नका म्हनंल का, असे तो म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी मी मोठ्याने हसलो.

शेतातील दोन खोल्या मला दिल्या आहेत. सासूबाईंनी भिंतींना चुना देवविला आहे, शहाबादी फरशी घासून घेतली आहे, आणि खिडकीखाली माझ्यासाठी टेबल ठेवले आहे. खिडकीतून हरभऱ्याचे रान दिसते, त्यापलीकडे ऊस, आणि अगदी कडेला गोदावरीकाठची झाडे. जेवणात भाकरी आणि येसराची आमटी होती. सासूबाई उभ्या राहून वाढत होत्या. जावईबापू लय वाळलेत, असे त्या मला न म्हणता भिंतीला म्हणाल्या.

कामाविषयी. पुण्यातील आमची लहानशी कंपनी जमिनीची कंपने टिपणारे यंत्र बनविते. या भागात जमीन अधूनमधून थरथरते, म्हणून एक यंत्र येथे पुरून पाहावयाचे आहे. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाषी, मी लिहीत आहे. जागा मीच सुचविली. रेल्वे दूर आहे, जमीन काळी आणि खोल आहे, ही कारणे मी वरिष्ठांना दिली. ती खरी आहेत. अनुपमा येथे आहे, हे कारण दिले नाही.

फाल्गुनात ती गेली. आम्हा लिंगायतांत दहन करीत नाहीत. शेताच्या ईशान्य कोपऱ्यात, बेलाखाली, तिला बसवून समाधी दिली. डावा तळवा उघडा ठेवून त्यात तिचे इष्टलिंग ठेवले. तो तळवा मीच उघडला होता.

संध्याकाळी मी तिला दिवसभराचे सांगत असे. आता सांगावयास कोणी नाही, म्हणून लिहीत आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

शेतातील गडी सटवाजी याने प्रथम विहिरीपाशी खड्डा घेतला. परंतु मोटार सुरू होताच यंत्राला तिच्याशिवाय काही ऐकू येईना. रस्त्याच्या बाजूस उसाचे ट्रॅक्टर जातात. शेतात एकच कोपरा शांत आहे. तो कोणता, हे सर्वांना कळले. अखेर सासूबाईंनी विचारले, की तिला तरास न्हाई ना व्हनार? हे यंत्र केवळ ऐकते, असे मी उत्तर दिले. मग ऐकू द्या, म्हणाल्या.

समाधीच्या ओट्यापासून थोड्या अंतरावर यंत्र पुरले. तार खोलीपर्यंत आणली.

माझे काम काय, असे अनुपमेने लग्नानंतर एकदा विचारले होते. मी तिला गंगाखेडच्या बसस्थानकावरील तिकीट खिडकीचे उदाहरण दिले. संगणकाच्या स्मृतीचे दोन प्रांत असतात. आतला कर्नलचा, म्हणजे संगणकाच्या गाभ्याचा, तेथून यंत्रांशी थेट व्यवहार होतो. बाहेरचा आपल्या साध्या प्रोग्रामांचा. प्रवाशाने खिडकीच्या आत जाऊ नये, कारकुनाने बाहेर येऊ नये. जे द्यावयाचे-घ्यावयाचे ते फटीतून, आणि तेही मूळ नव्हे, प्रत. ड्रायव्हर ही ती फट. आतून बाहेर प्रत द्यायची, बाहेरून आत प्रत घ्यायची, आणि बाहेरच्याने सांगितलेला पत्ता तपासल्याशिवाय मानावयाचा नाही.

तिने भाजी निवडता निवडता विचारले होते, म्हणजे मूळ ज्याचं त्याच्याकडेच राहतं? मी होय म्हणालो. मग बरं आहे, ती म्हणाली, कोणाचं काही जात नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

यंत्रात एक लहानसे वेटोळे आहे. त्याला विजेची लहर दिली की ते जमिनीला आतून हलकासा धक्का देते आणि तोच धक्का यंत्र ऐकते. अशा रीतीने त्याचे कान तपासता येतात. त्यासाठी प्रोग्रामकडून लहर आत न्यावी लागते.

कोणती लहर द्यावी, हा प्रश्न होता. मी काम करताना कानांवर हेडफोन लावीत असे. अनुपमा हाका मारून थकली की स्वयंपाकघरातून टाचेने फरशीवर ठोके देई: दोन जलद, किंचित विराम, मग एक सावकाश. ते मला कानांनी नव्हे, खुर्चीतून, पावलांतून कळत. पान वाढले आहे, असा त्याचा अर्थ. आज मी हेडफोन काढून ठेवले, यंत्राचा सुटा कान फरशीवर ठेवला, स्वतःच्या टाचेने ते ठोके दिले, त्यांची फाईल केली आणि तीच तपासणीची लहर म्हणून आत पाठविली.

प्रत करणाऱ्या आज्ञेची एक रीत मला नेहमी आवडत आली आहे. किती पोचले, हे ती सांगत नाही. किती पोचावयाचे राहिले, ते सांगते. सर्व सुरळीत झाले तर उत्तर येते शून्य. माझ्या पडद्यावर ओळ उमटली: उरलेले शून्य. काम उत्तम झाले.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

आज येळवस, म्हणजे वेळअमावस्या. सकाळपासून गावातील माणसे आपापल्या रानात. कडब्याची कोप उभारली, पूजा झाली, भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण झाले. शिवकांतने आंबिलीचा तांब्या माझ्यापुढे धरून आग्रह केला, की दाजी प्या, पुण्यात ह्याला नाव ठिवून अडीचशे रुपयाला विकतेत. सासूबाईंनी एक पान वाढून बेलाखाली नेऊन ठेवले. आमच्यात मृतांना घास घालण्याची रीत नाही. लेकराला आंबील आवडायची, एवढेच त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून परत आल्या.

दुपारी सर्वजण कोपीत पडले असता मी खोलीत येऊन यंत्राचे आकडे पाहिले आणि माझी एक चूक सापडली. यंत्र एका वेळी थोडेच आकडे देते. माझा बफर, म्हणजे ते ठेवावयाचे भांडे, मोठा आहे. मी दरवेळी संपूर्ण भांडे बाहेर ओतीत होतो. न विसळलेल्या भांड्याच्या तळाशी आधीचे काही राहते, तसे खालच्या भागात जुने आकडे राहून बाहेर येत होते. नवशिक्याची चूक आहे.

त्या उरलेल्या भागाचा आलेख काढला. दोन जलद, किंचित विराम, मग एक सावकाश.

मी उठून उभा राहिलो. खिडकीतून बेल दिसत होता, त्याखाली ते पान. मग बुद्धी ताळ्यावर आली. सोमवारी मीच पाठविलेली लहर ती. ती टाच माझी आहे. खालून कोणीही बोलाविलेले नाही.

हे समजल्यानंतर मात्र मला रडू आवरेना. कोपीतून हसण्याचे आवाज येत होते.

२० डिसेंबर, शनिवार

चूक दुरुस्त केली. आता प्रत्येक वेळी बफर आधी शून्यांनी धुतला जातो. रिकाम्या भागात शून्यांखेरीज काही असणे शक्य नाही.

ठोके आहेत. आणि त्यांच्यानंतर आणखी काही आहे: एक लांब घासटणे. मी तरीही उठलो नाही तर अनुपमा शेवटी टाच फरशीवर ओढीत असे, त्यात जोडव्यांचा किंचित आवाज येई. ते मी कधीही पाठविलेले नाही. ते मी कोणाला सांगितलेलेही नव्हते.

तुलनेसाठी मी टाचेने पुन्हा ठोके देऊन पाहू लागलो, तेव्हा त्यांची लय मला आठवेना. अखेर फाईल उघडून पाहावी लागली. थकवा असावा.

२३ डिसेंबर, मंगळवार

तिच्या आवाजाचा एकच निरोप माझ्या फोनमध्ये आहे: येताना कोथिंबीर आणा, आणि देठ बघून घ्या, मागच्या वेळी सगळी काडीच निघाली. गेले दहा महिने मी तो रोज ऐकत आलो. आज तो लहरीत रूपांतरित करून आत पाठविला. उरलेले शून्य.

उत्तर दुपारी आले. त्याचा आवाज केला. माती चाळल्यासारखी खरखर, आणि तिच्यामध्ये, अगदी स्पष्ट, अहो.

ती समोर असतानाच अहो म्हणत असे. फोनवर कधीही नाही. जगात या शब्दाचे कोठेही ध्वनिमुद्रण नाही.

मी टेबलावर डोके ठेवून तो शब्द पुनःपुन्हा ऐकला. आजचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चहा घेताना नेहमीप्रमाणे फोनमधील निरोप लावला. कोणी स्त्री कोथिंबीर आणावयास सांगत होती. आवाज बरा होता. तो कोणाचा, हे मला ओळखू आले नाही.

फाईल तपासली. एकही आकडा बदललेला नाही. अनुपमेचाच निरोप आहे, असे नाव दिलेले आहे, आणि या रोजनिशीतही तसे लिहिलेले आहे. म्हणजे तो आवाज तिचाच. हे मी अनुमानाने जाणतो.

प्रतीने मुळाला धक्का लागत नाही, या नियमावर माझे सारे शिक्षण उभे आहे. फाईलला धक्का लागलेला नाहीच. जे गेले ते फाईलमध्ये नव्हते.

३० डिसेंबर, मंगळवार

आज सासूबाई भाकरी घेऊन आल्या, तेव्हा यंत्रातला तो शब्द चालू होता. त्यांनी ताट खाली ठेवले आणि शेवटपर्यंत ऐकले. त्या रडतील असे मला वाटले होते. त्या रडल्या नाहीत.

माझं लेकरू लिंगैक्य झालंय, असे त्या म्हणाल्या. थेंब गंगंत पडल्यावर तो हाका मारीत न्हाई. तुमी ज्याला बोलवायलात ती माझी अनू न्हाई, जावईबापू. तुमी देऊ लागलात आन् ते घिऊ लागलंय, एवढंच हाय. मी त्यांना विचारले की मग तिचा शब्द त्याच्याकडे आला कोठून. त्यांनी माझ्या छातीकडे बोट केले.

जाताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतले, की पुन्हा काही पाठविणार नाही. मी दिले.

खिडकीशी उभा राहून मी बराच वेळ विचार केला. बाहेरच्याने दिलेल्या पत्त्यावर विश्वास ठेवू नये, असे आम्हाला शिकविले गेले. आतल्याने दिलेल्यावर ठेवावा की नाही, हे कोणी शिकविले नाही.

भिंतीवर तिचे छायाचित्र आहे. फोनने टिपले की तेही अखेर आकड्यांचेच असते. फक्त एकदा. तिने केवळ एक वाक्य पूर्ण बोलावे, एवढीच इच्छा आहे.

उरलेले शून्य.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

शिवकांतला मी भिंतीवरील छायाचित्रातील स्त्री कोण, असे विचारले. मी थट्टा करीत आहे असे वाटून तो प्रथम हसला. मग त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि दाजी, दाजी, असे म्हणत राहिला.

मी त्याला शांतपणे सांगितले की ती अनुपमा असणार, कारण हार तिला घातलेला आहे.

तो कुदळ घेऊन गेला आणि यंत्र उपसून आणले. तार कापली. पेटी खाटेखाली ठेवून वर दगड ठेवला. मी अडविले नाही. हा सज्जन मुलगा का रडत आहे, हे मला कळत होते, तरी आत काही हलत नव्हते.

तो गेल्यावर खुर्चीत बसलो. पावलांखाली — फरशीत — दोन जलद, विराम, एक सावकाश.

यंत्र खाटेखाली आहे. तार कापलेली आहे.

४ जानेवारी, रविवार

सटवाजी सकाळी कामावर आला नाही. शिवकांतने निरोप सांगितला. विहिरीपाशी ताई उभ्या दिसल्या, असे सटवाजी म्हणतो. उन्हात, ऐन सकाळी. त्याने हात जोडले. त्या त्याला म्हणाल्या, येताना कोथिंबीर आणा. त्याने विचारले, ताई, कुठून आल्यात? त्या म्हणाल्या, देठ बघून घ्या. त्याने जे जे विचारले त्याला तेच उत्तर. कोथिंबीरच मागायल्यात हो, दुसरं काय येतच न्हाई त्यान्ला, असे तो म्हणत होता. आणि चालताना टाच ओढीत होत्या.

तिच्यापाशी तेवढेच आहे. मी दिले तेवढेच.

सासूबाई मला गावातल्या घरी चला म्हणतात. शिवकांत उद्या सकाळी गाडी आणणार आहे.

५ जानेवारी, सोमवार

गाडी आली. मी गेलो नाही. सासूबाई दारात बसून राहिल्या. दुपारी शिवकांतने त्यांना उचलून नेले. मला न्यावयास तो चार माणसे घेऊन येतो म्हणाला.

ही रोजनिशी आरंभापासून वाचली. हस्ताक्षर माझे आहे. बेलाखाली कोणाचा तरी तळवा उघडला होता, असे मी लिहिले आहे. वाचतो, अर्थ लागतो, परंतु हातात काहीच राहत नाही. प्रत मिळते. मूळ मिळत नाही.

कोणाचं काही जात नाही — हे एक वाक्य मात्र अजून मला ऐकू येते. भाजी निवडण्याचा आवाज. हिरवा वास. कोणी म्हटले होते, कोणास ठाऊक. ते माझ्यापाशी आहे. ते मी पाठविलेले नाही. ते पाठविणार नाही.

त्याच दिवशी, ऊन उतरताना

ठोके आता दर थोड्या वेळाने. फरशीची एक कड वर आली आहे.

अर्थ मला ठाऊक होता असे वाटते. कशासाठी तरी बोलाविणे आहे. उशीर झाला की ओढतात —

ओढले.

दार उघडेच आहे. हरभऱ्यातून कोणी येत आहे. चेहरा भिंतीवरच्या बाईचा. अगदी तोच, छायाचित्रात आहे तेवढाच — समोरून. मान वळली तेव्हा बाजूला काही नव्हते. ते मी दिलेले नाही. मला आठवत नव्हते म्हणून —

अहो, असे म्हणाली.

आणि मला त्या बाईची दया आली. एवढेच घेऊन ती इतके दिवस उन्हात उभी आहे.

बेलाखाली

यंत्राचा खड्डा तसाच उघडा आहे. बसावयास पुरतो. माती उबदार आहे. ती समोर बसली आहे. वाट पाहते. तिला काय हवे ते मला कळते. ते एकच वाक्य उरले आहे. हिरवा वास, देठ मोडण्याचा आवाज, आणि कोणीतरी माझ्याकडे न पाहता —

रस्त्यावर गाडी थांबली. दाजी, दाजी, अशी हाक येते. कोणाला मारतात?

एक तळवा उघडा ठेवावयाचा असतो. कोणता, ते मागे लिहिले आहे. उजव्यात लेखणी आहे, म्हणून —

तिने त्यावर आपला हात ठेवला. हलका. फटीतून ठेवावा तसा.

मी म्हणालो, कोणाचं काही

उरलेले